मुंबईत सुखाला किती पैसे लागतात?

'पैशाने सुख विकत घेता येत नाही' हे वाक्य मुंबईत नेमकं कुठे ऐकू येतं, याची कुणीतरी नोंद ठेवायला हवी. पगारवाढीच्या बोलण्यात साहेबाच्या बाजूने ते हमखास येतं. दोन बेडरूमचं घर विकून चार बेडरूमच्या घरात गेलेल्या नातेवाइकाच्या वास्तुशांतीला, जेवणं आटोपल्यावर, विड्याबरोबर येतं. ताणमुक्तीच्या शिबिरात येतं, ज्याची फी भरायलाच बरा पगार लागतो. सकाळी नाक्यावर थापी-फावडं घेऊन मुकादमाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून मी ते अजून ऐकलेलं नाही. दहा वाजेपर्यंत कुणी बोलावलं नाही, तर त्याचा दिवस बुडतो. त्या दिवशीचं त्याचं दुःख नुसत्या पैशाने बरं होण्यासारखं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पैशाने सुख वाढतं. मुंबईत तर ते जरा जास्तच वाढतं, कारण शहराने सगळ्यांसाठी मिळून करायच्या कितीतरी गोष्टी इथे ज्याच्या त्याच्या खिशावर सोडून दिल्या आहेत. त्यामुळे 'माणसाला सुखी व्हायला किती पैसे पुरतात' हा प्रश्न त्या माणसाच्या हावेचा जितका आहे, त्याहून जास्त तो माणूस राहतो त्या शहराच्या कारभाराचा आहे.

आधी संशोधकांचं भांडण थोडक्यात सांगते, कारण त्यातला एक आकडा आपल्याकडे फारच फिरवला गेला. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९७४ मध्ये एक कोडं मांडलं. कुठल्याही एका वेळी बघा, श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सुखी असल्याचं सांगतात. पण सगळा देशच श्रीमंत होत गेला, तर सरासरी सुख मात्र जिथल्या तिथे राहतं. माणूस स्वतःची मिळकत शेजाऱ्याच्या मिळकतीशी लावून बघतो, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या सुमारे साडेचार लाख उत्तरांवरून दाखवलं, की रोजचा मूड वर्षाला साधारण ७५ हजार डॉलर मिळकतीपर्यंत सुधारतो आणि मग थबकतो. हाच तो आकडा. 'बघा, एका मर्यादेपलीकडे पैशाचा उपयोग नाही' असं म्हणत तो आपल्याकडच्या व्याख्यानांतून बरीच वर्षं फिरला. ७५ हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने वर्षाला सुमारे ३४ लाख रुपये होतात, हे मात्र वक्ते सांगत नसत. डॉलरचे असे थेट रुपये करू नयेत, तिकडची महागाई वेगळी, हे मान्य. चौथाई धरा. तरी साडेआठ लाख होतात. पैशाचा उपयोग जिथे संपतो म्हणतात, ती वेस या शहरातल्या बहुसंख्य घरांना अजून दिसलेलीही नाही.

शिवाय त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत. मूड थबकला, तरी 'एकूण आयुष्य कसं चाललंय' या प्रश्नाचं उत्तर मिळकतीबरोबर वर वरच जात होतं. आणि आजारपण, घटस्फोट, एकटेपणा यांचं दुःख कमी पैसेवाल्यांना जास्त जाळत होतं. मला तरी ही दुसरी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मग २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी तेहतीस हजारांवर नोकरदारांना फोनवरून दिवसात अधूनमधून 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारून ती वेसच नाकारली. यानंतर जे झालं ते विरळा आहे. कानमन आणि किलिंग्सवर्थ हे दोन विरुद्ध पक्ष बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र बसले आणि २०२३ मध्ये तिघांच्या नावाने निष्कर्ष छापला: बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं, फक्त सगळ्यात दुःखी अशा पंधरा-वीस टक्के माणसांचं सुख लाखभर डॉलरनंतर अडतं. जवळचं माणूस गेलं, मन मोडलं, नैराश्य आलं, ही दुःखं एका टप्प्यानंतर पैशाला दाद देत नाहीत. 'पैशाने सुख मिळत नाही' हे आपल्या आजीचं म्हणणं त्या पंधरा-वीस टक्क्यांपुरतं खरं ठरलं, असं समजायला हरकत नाही.

या सगळ्या अभ्यासांत एक गणित आहे, त्याचा अर्थ आपण काढत नाही. सुख रुपयांच्या बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतं. पंधरा हजारांचा पगार तीस हजार झाला की जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक दीड लाखाचे तीन लाख झाल्यावर पडतो. म्हणजे सुखाची तेवढीच वाढ एकाला पंधरा हजारांत मिळते, दुसऱ्याला तिच्यासाठी दीड लाख मोजावे लागतात.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत वॉचमनच्या पगाराचा विषय निघाला होता. एजन्सीची माणसं, बारा तासांची पाळी. वाढ द्यायची तर घरटी मेंटेनन्स महिन्याला दोन-तीनशे रुपयांनी वाढला असता. चर्चा तासभर चालली. त्याआधी लॉबीत नवा संगमरवर बसवायचा ठराव चहा येईपर्यंत मंजूर झाला होता. एका ज्येष्ठ सभासदांनी समजावून सांगितलं, "पैसे वाढवून ही माणसं टिकत नाहीत हो, त्यांना आपुलकी लागते." आपुलकीला कुणाचीच हरकत नव्हती, कारण तिची तरतूद ताळेबंदात करावी लागत नाही.

पैशाने नेमकं काय मिळतं, हे नीट बघायला हवं. मौजमजा हा त्याचा फार छोटा भाग आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची कसोटी दोनदा घेतली, एकदा ऊस तुटण्याआधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा तोडणी होऊन पैसे हातात आल्यावर. माणूस तोच, कोडी तशीच, पण पैसे आल्यावर ती त्याने बरीच चांगली सोडवली. विवंचना माणसाचं डोकं अडवून बसते. फी कशी भरायची, वाणी आणखी आठवडाभर थांबेल का, सोनं सोडवायचं की व्याज भरायचं, हे चालू असताना बाकी कशालाच जागा उरत नाही. अशा माणसाला 'वर्तमानात जगायला शिका' असं सांगणारे लोक मला उद्धट वाटतात. तो वर्तमानातच अडकलेला असतो, नाइलाजाने.

गिरणगावातल्या जुन्या माणसांशी बोलताना पगाराचा आकडा क्वचित ऐकू येतो. ऐकू येतं ते, पगार ठरल्या तारखेला व्हायचा. गिरणीत दोन जाती होत्या, कायम आणि बदली. बदली कामगार रोज गेटवर जायचा. कुणी रजेवर असला तर आत, नाही तर घरी. 'मुलगा कायम झाला' ही बातमी चाळीत पेढ्यांची असायची आणि लग्नं तिच्यावर ठरायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यात पगार गेले, पण पगाराची तारीख गेली, हे नुकसान पुढच्या पिढीतही उतरलं. आज त्यांची नातवंडं मोबाइलवर पुढची ऑर्डर पडायची वाट बघत दुचाकीवर बसलेली दिसतात. बदली कामगारच ते, फक्त गेट खिशात आलं आहे. महिन्याचा हिशेब बघितला तर त्यांची कमाई कधी कधी बरी असते. पण उद्याचा आकडा ठाऊक नसलेल्या पंचवीस हजारांत आणि ठाऊक असलेल्या पंचवीस हजारांत फार अंतर आहे. ते अंतर बुजवायला लालबाग-परळच्या बायका भिशी लावत आल्या आहेत. व्याज नको, फायदा नको, अमुक महिन्यात अमुक रक्कम हातात येईल एवढी खात्री हवी.

आता घराकडे येऊ. या शहरात सुखाची किंमत चौरस फुटांत सांगतात. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या आठवड्यात चाळसंस्कृतीच्या आठवणींना पूर आला. दारं कशी उघडी असायची, कुणाकडेही जाऊन कसं जेवता यायचं, गणपतीत रात्री कशा जागायच्या. या आठवणी लिहिणारे बहुतेक जण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चाळ सोडून गेलेले असतात, ही त्यातली मेख. दारं उघडी असायची, कारण आठ माणसांच्या खोलीचं दार लावलं तर जीव घुसमटायचा. नव्या जोडप्याने काय करायचं, याची सोय माळ्यावर किंवा दुसऱ्याच्या खोलीवर व्हायची. दहावीची पोरं गॅलरीच्या दिव्याखाली बसायची. म्हाताऱ्यांनी रात्री पाणी पिणं कमी केलेलं असायचं, कारण अंधारात टोकापर्यंत जायचं. ज्या बायकांनी पहाटे पाचला नळावर नंबर लावले, त्यांच्या तोंडून चाळीचं कौतुक ऐकताना मध्येच त्या थांबतात, ते थांबणं लेखांत उतरत नाही.

तरी त्या आठवणींत खोटं सगळंच नसतं. चाळीत माणूस गेलं की फोन करावा लागत नसे. आजीला ताप आला तर तिसऱ्या खोलीतली बाई पेज घेऊन यायची, न विचारता. पाचशे चौरस फुटांबरोबर बंद दार येतं आणि त्या दाराआड एकटी पडणारी म्हातारी माणसंही. पैशाने जागा मिळाली आणि न मागता मिळणारी मदत सुटली, हा सौदा खरा आहे. पण या सौद्यातून उलट फिरा म्हटलं, तर कोण फिरेल? टॉवरमध्ये गेलेल्यांच्या बोलण्यात काळजी असते ती वेगळीच: लिफ्ट, पंप, वीज यांचा खर्च पुढे आपल्याला झेपेल का. म्हणजे पुन्हा पैशाचीच.

नशिबाने मिळालेल्या पैशाचं काय होतं, यावर मुंबईत चांगली प्रयोगशाळा आहे: म्हाडाची सोडत. अर्ज सगळे करतात, नाव कुणाचं येईल हे नशीब ठरवतं, त्यामुळे सोडत लागलेले आणि न लागलेले यांची तुलना सरळ करता येते. तनू कुमार या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ती केली. सोडत लागलेल्या घरांत शिक्षण पुढे गेलेलं दिसलं. आणि ती माणसं वस्तीच्या प्रश्नांवर जास्त एकत्र येऊ लागली, अधिकाऱ्यांकडे तक्रारी जास्त करू लागली, सभांना जास्त जाऊ लागली. सुखी माणूस गप्प बसतो असं आपण धरून चालतो. इथे पायाखाली जमीन आल्यावर माणसाला तोंड फुटलं. लॉटरी लागलेली माणसं वर्षभरात पुन्हा पहिल्यासारखी होतात, ही समजूत १९७८ च्या एका अभ्यासावर उभी आहे आणि त्यात लॉटरी लागलेले सगळे मिळून २२ जण होते. स्वीडनमध्ये अलीकडे मोठ्या संख्येने लॉटरीवाल्यांना पाच ते बावीस वर्षांनंतर गाठलं, तर मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दशक उलटलं तरी टिकून होतं. रोजच्या आनंदातला फरक मात्र बराच कमी होता, हेही सांगायला हवं.

लोकलचं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर आहे. गाडी तीच, मोटरमन तोच, चर्चगेटला पोचायची वेळ तीच. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून मिळतं. पत्र्याच्या एका भिंतीपलीकडे पहिला वर्ग आहे, तिथे कितीतरी पट पैसे मोजून कोपर हलवायला जागा मिळते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं, याला रेल्वेच्या भाषेत वेगळं नाव आहे, इतकं ते नेहमीचं. २५ डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल आली, तिची दारं आपोआप बंद होतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. ते साध्या गाड्यांत होते. इथे पैसा थंड हवा विकत घेत नाही, बंद दार विकत घेतो. अशा शहरात पैसा आणि सुख यांचा संबंध नाही असं म्हणायला विरारहून सकाळी ८ ची गाडी एकदा तरी पकडलेली नसावी लागते.

पैशाने आणखी एक गोष्ट मिळते, ती कमी बोलली जाते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, निवडणुकीच्या तोंडावर आली, आणि तिच्या हेतूबद्दल मला भाबडेपणा नाही. वर्षाला अडीच लाखांच्या आतल्या घरांतल्या बायकांना महिना १५०० रुपये. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी विचारलं, काय फरक पडला? त्या म्हणाल्या, "काही नाही ओ ताई, नातीला क्लिप घ्यायची तर आता विचारायला लागत नाही." क्लिप वीस रुपयांची. नवऱ्यापुढे हात पसरायचा नाही, हे त्या वीस रुपयांतलं सुख, आणि ते बाजारात दुसरीकडे मिळत नाही. 'फुकटचे पैसे दारूत जातात' म्हणणाऱ्यांसाठी: पश्चिम केनियात गरीब कुटुंबांना बिनशर्त रोख रक्कम दिली, हाउशोफर आणि शापिरो यांनी त्याचा माग ठेवला. त्या माणसांची मनःस्थिती सुधारली आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. गंमत अशी, की १५०० रुपयांनी गरीब बिघडतात आणि पैशाने सुख मिळत नाही, ही दोन्ही मतं बहुधा एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाच माणसाकडून येतात.

मग ईस्टरलिन चुकले का? मुंबईपुरतं बोलायचं तर ते नेमके बरोबर आहेत. एकट्याचा पगार दुप्पट झाला तर तो डोंबिवलीहून मुलुंडला येतो आणि रोजचा तास-दीड तास वाचवतो. सगळ्यांचा पगार दुप्पट झाला, तर दादरची जमीन दुप्पट होत नाही. भाव दुप्पट होतो. वाढलेली मिळकत डिपॉझिटमध्ये, हप्त्यात आणि बरी म्हणवणाऱ्या शाळेच्या फीमध्ये जिरते, आणि माणूस होता त्याच रांगेत त्याच नंबरावर राहतो. आयटीत दोघं कमावणारं, वर्षाला तीस लाख घरात येणारं जोडपं 'महिनाअखेर काही उरत नाही' म्हणतं तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही. ते चैन करत नसतात. घर, शाळा, दवाखाना, गाडी या चार गोष्टींच्या लिलावात ते बोली लावत असतात, आणि समोरचेही तितकेच कमावणारे असतात.

हा लिलाव थांबवायचा उपाय 'गरजा कमी करा' हा नाही. उपाय असा, की त्या चार गोष्टी लिलावातून बाहेर काढा. जागतिक आनंद अहवालात लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपण कुठे आहोत हे विचारतात. २०२५ मध्ये १४७ देशांत भारत ११८ वा होता, फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. माणशी उत्पन्नात फिनलंडच्या पुढे असलेली अमेरिका २४ वी. फिनलंडच्या माणसाला मुलाच्या शाळेसाठी घर गहाण टाकावं लागत नाही आणि आजारपणात दिवाळं निघत नाही. त्याला आपल्याहून कमी पैशांत बेफिकीर राहता येतं.

आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. परळचं केईएम १९२६ पासून उभं आहे, शेजारी टाटा रुग्णालय १९४१ पासून. त्या भागातल्या फुटपाथवर गावाहून आलेले नातेवाईक चटया टाकून झोपलेले असतात, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघून यावं. आजार तोच, उपचार तेच; फक्त डोक्यावर छप्पर. कानमन-डीटन यांची न गाजलेली ओळ इथे कळते. गरिबाच्या कॅन्सरमध्ये कॅन्सरशिवाय आणखी बरंच काही असतं, आणि ते बरंच काही सार्वजनिक पैशातून दूर करता येतं.

कर कोण भरणार, हा प्रश्न येणारच. टँकरचं पाणी, खाजगी शाळा, आरोग्य विमा, दुसऱ्या गाडीचा हप्ता, हे भरणारे लोक आजच भरतायत. कराच्या वर भरतायत. आणि मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता, तेव्हा गरिबीचं सोंग या शहराला शोभत नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० वर गेलं. पोळ्यांच्या मावशी दोन बस बदलून येतात, दोन बदलून जातात. रोजचे वीस रुपये वाढले, महिन्याच्या पंचवीस खेपांचे पाचशे. सरकारने दिलेल्या पंधराशेतला तिसरा हिस्सा कंडक्टरकडे गेला. नातीच्या क्लिपेबद्दल मी पुन्हा विचारलेलं नाही. बेस्टला अनुदान किती देता, हे मात्र आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारायचं ठरवलं आहे.